वाचक विचारतात : पाटीवरचा सन नेमका कशाचा?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की युरोपातल्या जुन्या चर्च, मशिदी, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुम्ही खरंच विचारलंत. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सारखे होते ते एकत्र केलेत, काहींना दोन ओळींत उरकलंय, काहींवर जरा जास्तच रेंगाळलोय, सांभाळून घ्या.

प्रश्न : कोलोनच्या कॅथेड्रलसाठी एका पुस्तकात १२४८ दिलंय आणि दुसऱ्यात १८८०. सहाशे वर्षांचा फरक म्हणजे छपाईची चूकच ना?

चूक नाही हो, दोन्ही बरोबर आहेत. १२४८ ला पाया घातला आणि १८८० ला काम पुरं झालं. मधे काय झालं ते खरं बघण्यासारखं आहे. पूर्वेकडचा भाग चांगला बांधून झाला, मग पश्चिमेकडच्या दोन मनोऱ्यांपैकी दक्षिणेकडचा थोडा वर आला, आणि सोळाव्या शतकात पैसा आटला तसा उत्साहही आटला, काम थांबलं ते थांबलंच. त्या अर्ध्या मनोऱ्याच्या डोक्यावर दगड चढवायची लाकडी क्रेन होती, ती तिथेच राहिली. वर्ष-दोन वर्षं नाही, जवळजवळ चारशे वर्षं! शहराच्या जुन्या चित्रांत ती बरोब्बर दिसते, म्हणजे कित्येक पिढ्यांसाठी कोलोनची ओळख मनोरा नव्हती, क्रेन होती. ती उतरवली १८६८ मध्ये.

आता अडचण अशी की वरचा भाग कसा करायचा होता हे सांगणारं कोणी उरलेलं नव्हतं. पण पश्चिमेच्या दर्शनी भागाचं मध्ययुगातलं एक मोठं ड्रॉइंग होतं, चर्मपत्रावरचं, चारेक मीटर उंचीचं, ते गहाळ झालेलं. त्याचा एक तुकडा १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला आणि दुसरा दोन वर्षांनी पॅरिसला. दोन्ही जोडले आणि पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या पाथरवटांचा बेत समोर आला. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा यानं पुन्हा कोनशिला बसवली (स्वतः प्रोटेस्टंट, बांधतोय कॅथलिक कॅथेड्रल, राजकारण तेव्हाही होतंच) आणि ३८ वर्षांत बाकीचं उरकलं. बाहेरून सगळं जुन्या ड्रॉइंगबरहुकूम, पण छपराचा सांगाडा मात्र चक्क लोखंडी. १५७ मीटर उंची, त्या वेळी जगातली सगळ्यात उंच इमारत.

आणि तरी ते संपलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात १४ बॉम्ब पडले त्यावर, तरी उभं राहिलं, डागडुजी चालूच राहिली. २००७ मध्ये एका खिडकीत चित्रकार गेरहार्ड रिश्टरनं केलेली काच बसली, रंगीत चौकोनांची, अकरा हजारांहून जास्त चौकोन. तर मग ही इमारत कधीची? मी आता एकच करतो, कुठल्याही चर्चबाहेर सन दिसला की विचारतो, कशाचा सन? पायाचा, छपराचा, की शेवटच्या दुरुस्तीचा?

कोलोन एकटं नाही. जर्मनीतच उल्मचं मिन्स्टर १३७७ ला सुरू, १८९० ला पूर्ण, १६१.५ मीटर, आणि त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं जगातलं सगळ्यात उंच चर्च तेच होतं. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं त्याला २०२५ च्या ऑक्टोबरात मागे टाकलं, आणि ते तर १८८२ पासून बांधतायत. गाउदी, ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं, तो १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून गेला.

प्रश्न : सिमेंट नाही, लोखंडी सळ्या नाहीत, मग एवढी उंची उभी कशी राहिली? कधी पडलं वगैरे नाही का?

पडलं ना! खूप पडलं. जे उभं आहे तेवढंच आपल्याला दिसतं म्हणून वाटतं की जुन्या लोकांचं काही चुकतच नव्हतं.

आधी उभं राहायचं गणित. दगडी छत जड असतं आणि त्याचा भार नुसता खाली येत नाही, तो भिंतींना बाहेर ढकलतो. म्हणून जुन्या रोमनेस्क शैलीतल्या चर्चच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या पिटुकल्या. त्यानंतरच्या गॉथिक शैलीवाल्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. टोकदार कमान, जी अर्धगोल कमानीपेक्षा भार जास्त सरळ खाली नेते. छताखाली दगडी बरगड्या, त्यामुळे भार सगळ्या भिंतीवर न पसरता ठरावीक खांबांवर उतरतो. आणि बाहेरून तिरपे दगडी टेकू, फ्लाइंग बट्रेस म्हणतात ते, जे बाहेरचा रेटा पकडून जमिनीत उतरवतात. एकदा हे झालं की भिंतीला काम उरत नाही, मग ती काढून तिथे काच लावा! पॅरिसजवळच्या सेंट डेनिसमध्ये अॅबट (मठाधिपती) सुजेरनं ११४० ते ११४४ मध्ये नवा पूर्वभाग बांधला, गॉथिकची सुरुवात तिथून धरतात. बरगड्या त्याआधी इंग्लंडमध्ये डरमला केलेल्या होत्या, १०९३ ला सुरू झालेल्या कॅथेड्रलमध्ये, पण तिथे हा सगळा मेळ अजून जमलेला नव्हता.

मग सुरू झाली चढाओढ. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावानं ठरवलं आपलं छत सगळ्यांपेक्षा उंच, ४८ मीटर. बारा वर्षं टिकलं, १२८४ मध्ये छताचा काही भाग कोसळला. खांब वाढवले, पुन्हा उभं केलं. एवढं झाल्यावर माणूस गप्प बसेल की नाही, तर यांनी सोळाव्या शतकात मधोमध १५३ मीटरचा मनोरा चढवला, आणि त्याला पश्चिमेकडून आधार द्यायला जो लांब सभामंडप हवा तो बांधलेलाच नव्हता. १५७३ च्या असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या) दिवशी लोक मिरवणुकीनं बाहेर पडले आणि थोड्याच वेळात मनोरा खाली आला. सभामंडप आजतागायत झालेला नाही. बोव्हेला गेलात तर उंचच्या उंच अर्धं चर्च आणि त्याला चिकटून दहाव्या शतकातलं बुटकं जुनं चर्च असं विचित्र दृश्य दिसतं.

पण या विषयातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट पडण्याची नाही, न पडू देण्याची आहे. इंग्लंडमधलं विंचेस्टर कॅथेड्रल दलदलीच्या जमिनीवर, काही भाग तर लाकडाच्या ओंडक्यांवर बसवलेला. १९०० च्या सुमारास भिंतींना भेगा, कमानी वाकड्या. पाया खणावा तर खड्ड्यात पाणी भरतं, पंपानं उपसावं तर पाण्याबरोबर मातीही येणार आणि भिंत आणखी खचणार. मग विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावलं. हा माणूस १९०६ पासून पाचेक वर्षं, पितळी शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घालून, कॅथेड्रलच्या भिंतीखालच्या खड्ड्यात उतरायचा. पाणी इतकं गढूळ की आत मिट्ट काळोख, दिव्याचाही उपयोग नाही, सगळं काम हातानं चाचपून. पीट म्हणतात तसली कुजकी माती काढायची, खाली काँक्रीटच्या पिशव्या रचायच्या, पिशव्या फाडायच्या की काँक्रीट घट्ट होऊन खालून येणारं पाणी बंद. मग पंप लावायचा, पाणी उपसायचं आणि वर गवंडी बांधकाम करणार. असा एक खड्डा झाला की पुढचा! एकूण २५ हजार पिशव्या काँक्रीट, १ लाख १५ हजार काँक्रीटचे ठोकळे, ९ लाख विटा. आज वर उभं राहून पाहिलं तर यातलं काहीसुद्धा दिसत नाही.

प्रश्न : चर्च, कॅथेड्रल, बॅसिलिका, मिन्स्टर यात मोठं कोण?

आकाराशी संबंधच नाही. जिथे बिशपची (त्या भागातल्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूची) खुर्ची ते कॅथेड्रल, मग ते छोटं का असेना. बॅसिलिका हा कॅथलिकांमध्ये पोपनं दिलेला मान, शिवाय रोमन काळातल्या लांबट सभागृहाच्या आराखड्यालाही तेच नाव. मिन्स्टर मूळ मठाशी जोडलेलं. उल्मचं एवढं उंच मिन्स्टर कॅथेड्रल नाही, आणि रोममधलं सेंट पीटर्सही नाही! रोमच्या बिशपची, म्हणजे पोपची खुर्ची आहे ती सेंट जॉन लॅटरनमध्ये.

प्रश्न : स्पेनमधल्या कोर्दोबाचं ते लाल-पांढऱ्या कमानींचं, ते मशीद आहे की चर्च? नेटवर नुसती भांडणं आहेत.

भांडणं राहणारच. आज ते कॅथलिक कॅथेड्रल आहे आणि बांधलं गेलं ते मशीद म्हणून, दोन्ही वाक्यं खरी, ज्याला जे हवं ते तो पुढे करतो.

उमय्या घराण्यातला अब्द अल-रहमान पहिला यानं ७८५ च्या आसपास बांधायला घेतली. खांब कुठून आणायचे? आजूबाजूच्या पडक्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर तिथे राज्य केलेले लोक) इमारतींतून. पण ते आखूड निघाले, नुसत्या त्यांच्यावर छत टाकलं तर एवढ्या मोठ्या दालनात अगदी डोक्यावर आल्यासारखं होणार. म्हणून खांबावर एक कमान आणि त्याच्यावर आणखी एक कमान अशी दुमजली रचना केली, मधला भाग मोकळा. लाल वीट, पांढरा दगड, आलटून पालटून. म्हणजे ज्या कमानींचे आपण सगळे फोटो काढतो त्या उंची कमी पडली म्हणून सुचल्या. नंतरच्या राज्यकर्त्यांनी दोनशे वर्षं इमारत वाढवत नेली. आज ८५६ खांब आहेत, त्यांच्यामधून चालताना दिशा हरवते, मी दोनदा त्याच कोपऱ्यात परत आलो.

१२३६ मध्ये कास्तीलचा राजा फर्नांडो तिसरा यानं शहर जिंकलं, इमारत चर्च झाली पण फारसा हात न लावता. खरा घाव १५२३ चा. पाद्र्यांना मधोमध उंच चर्च हवं होतं, शहराच्या कौन्सिलचा विरोध, प्रकरण राजापर्यंत गेलं आणि चार्ल्स पाचव्यानं परवानगी दिली. नंतर बघायला आला तेव्हा पस्तावला अशी एक गोष्ट सांगतात, ती खरी धरू नका. पण आत गेल्यावर समजतं लोक ही गोष्ट का सांगतात ते. बुटक्या खांबांच्या अंधाऱ्या रानातून एकदम पांढरंशुभ्र उंच चर्च वर उघडतं. मला स्वतःला ते खटकतं, पण हेही मान्य करायला हवं की ते मधलं चर्च झालं नसतं तर एवढी मोठी मशीद पुढची पाचशे वर्षं कोणी राखली असती का, सांगता येत नाही. आणि अंगणातला घंटेचा मनोरा बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा, त्याच्या पोटात जुना मिनार अजून आहे. पाडला नाही, त्याच्याभोवती नवा मनोरा बांधला.

असं एकावर एक सगळीकडेच आहे. सिसिलीत सिराक्यूजच्या कॅथेड्रलची बाजूची भिंत नीट बघा, तिच्यात ग्रीक खांब दिसतात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेना देवीचं देऊळ, खांबांमधल्या फटी भरून घेतल्या की झालं चर्च. रोमचं पँथिऑन ६०९ मध्ये चर्च केलं म्हणून तर वाचलं, ४३.३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंड नाही, मधोमध भोक. पाऊस थेट आत पडतो आणि जमिनीला हलका उतार आणि बारीक छिद्रं आहेत त्यातून निघून जातो.

इस्तंबूलच्या आया सोफियाबद्दलही खूप जणांनी विचारलंय. सम्राट जस्टिनियननं चर्च म्हणून ५३२ ते ५३७ अशी अवघ्या सहा वर्षांच्या आत बांधून घेतली, घाई नडली, ५५८ मध्ये घुमटाचा भाग कोसळला, ५६२ पर्यंत जास्त उंच आणि जरा सुरक्षित घुमट बसवला. १४५३ ला मशीद, १९३५ ला म्युझियम, २०२० ला परत मशीद. राजेमहाराजे सोडा, मला त्यातलं आवडतं ते वरच्या गॅलरीतल्या संगमरवरी कठड्यावरचं खरवडणं. कुणा हाफदान नावाच्या उत्तरेकडच्या माणसानं रून लिपीत आपलं नाव कोरून ठेवलंय, प्रार्थना लांबली असेल बिचाऱ्याची.

प्रश्न : जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात कारण काच हळूहळू ओघळते, खरं ना?

नाही. खूप पसरलेली गोष्ट आहे पण खोटी. तेव्हा काच फुंकून आणि फिरवून सपाट करायचे, त्यामुळे ती मुळातच कमी-जास्त जाडीची व्हायची, बसवताना जाड कड बऱ्याचदा खाली. जाड बाजू वर असलेल्याही काचा सापडतात. ओघळायचं म्हटलं तर या तापमानाला आठशे वर्षं काहीच नाहीत.

प्रश्न : एवढा पैसा यायचा कुठून?

भाविकांकडून, जमिनींच्या उत्पन्नातून, राजांकडून, आणि पवित्र अवशेषांतून. अवशेष असले की यात्रेकरू येतात, यात्रेकरू आले की पेटी भरते. कोलोनला ११६४ मध्ये मिलानहून तीन मागींचे (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष) म्हणून मानलेले अवशेष आणले आणि मग जुनं चर्च लहान पडायला लागलं, १२४८ चा पाया त्यातून आला.

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलच्या खिडक्यांत तळाशी पाववाले, चांभार, कातडीचे व्यापारी आपापलं काम करताना दिसतात. त्यांनीच वर्गणी काढली असं बरीच वर्षं मानायचे, आता अभ्यासक तेवढ्या खात्रीनं बोलत नाहीत. पण फ्रान्समधल्याच रूआंच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आहे त्याचं नाव लोण्याचा मनोरा! ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात लोणी चालत नसे, ते खायची सवलत हवी तर दान द्या, त्या दानातून मनोरा उठला असं त्या नावामागचं कारण सांगतात. रोमचं सेंट पीटर्स १५०६ ला सुरू झालं, त्याच्यासाठी पापमुक्तीची पत्रं विकली, मार्टिन लूथर त्यावरून भडकला १५१७ मध्ये, आणि पुढे अर्धा युरोप पोपच्या हातचा गेला. इतकी महाग पडलेली दुसरी इमारत मला तरी माहीत नाही.

प्रश्न : दगडाचं ठीक आहे, पण नॉर्वेची लाकडी चर्च आठशे वर्षं टिकली कशी?

बहुतेक टिकली नाहीतच. हजाराहून जास्त असतील असा अंदाज आहे, राहिली २८. जी राहिली त्यांचं गुपित पायात आहे. आधी खांब सरळ जमिनीत पुरायचे, ते ओल लागून कुजायचे. मग कोणीतरी शहाण्यानं दगडांवर आडवे ओंडके ठेवून त्यावर खांब उभे केले, लाकूड आणि माती यांची गाठच पडू द्यायची नाही. वरून पुन्हा पुन्हा डांबर फासायचं, पाइनच्या लाकडापासून काढलेलं. ११८० च्या सुमाराचं बोर्गुंड म्हणून जे काळंकुट्ट चर्च फोटोत दिसतं, शेंड्यांना ड्रॅगनची मुंडकी असलेलं, त्याचा रंग याच डांबराचा.

एक चर्च तर प्रवास करून आलंय. वांग गावच्या लोकांना जुनं नको झालं, नवं बांधायचं होतं, तर ते सुटं करून प्रशियाला नेलं आणि १८४० च्या दशकात डोंगरात पुन्हा जोडलं, ती जागा आता पोलंडमध्ये, कार्पाच नावाच्या गावात. विकत घेणारा राजा कोण? तोच कोलोनवाला फ्रीडरिश विल्हेल्म. त्याला हा नादच होता.

पोलंडमधलीच श्विदनित्साची गोष्ट अजून भारी. १६४८ ला तीस वर्षांचं युद्ध संपलं, तिथल्या प्रोटेस्टंटांना कॅथलिक सम्राटानं तीन चर्चची परवानगी दिली, पण अटी बघा : तटबंदीच्या बाहेर बांधा, दगड-वीट वापरायची नाही, फक्त लाकूड, माती, गवत. मनोरा नको, घंटा नको, वर्षात पूर्ण झालं पाहिजे. म्हणजे दिलं असंही दिसावं आणि ते टिकूही नये. यांनी काय करावं, वर्षात साडेसात हजार माणसं मावतील असं लाकडी चर्च उभं केलं, आत मजल्यावर मजले सज्जे. तिघांपैकी एक जळालं, श्विदनित्सा आणि याव्होर इथली दोन साडेतीनशे वर्षांहून जास्त उभी आहेत.

प्रश्न : चर्चच चर्च दिसतात, सिनेगॉग एवढे कमी का?

कमी बांधले म्हणून नाही. जर्मनीत वर्म्सचा सिनेगॉग १०३४ चा, म्हणजे कोलोनच्या पायापेक्षा दोनशे वर्षं जुना. १९३८ मध्ये नाझींनी जाळला, पुढे अवशेषही पाडले, १९६१ मध्ये सापडले तितके जुने दगड घालून परत बांधला. प्रागचा जुना-नवा सिनेगॉग (नावच तसं आहे) १२७० च्या सुमाराचा आणि अजून चालू. ॲमस्टरडॅमचा पोर्तुगीज सिनेगॉग १६७५ चा, मुख्य दालनात आजही वीज नाही, मेणबत्त्यांवर चालतो, आणि जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते, पायाची धूळ आणि आवाज दोन्ही त्यात जिरतात. त्याच शहरात त्याच काळात कॅथलिकांना मात्र उघड प्रार्थनेची बंदी, तर एका व्यापाऱ्यानं १६६३ मध्ये आपल्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च थाटलं, बाहेरून कालव्याकाठचं साधं घर.

आणि लंडनच्या ब्रिक लेनवर एक विटांची इमारत आहे. १७४३ मध्ये बांधलेलं, फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) लोकांचं चर्च, पुढे मेथडिस्ट चॅपल, १८९८ पासून सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. जो समाज नवा आला त्यानं तीच इमारत घेतली. भिंतीवर १७४३ चं सूर्यघड्याळ अजून आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आम्ही सावली आहोत.

प्रश्न : पॅरिसचं नोत्र दाम जळून नवं केलं, मग आता ते नकलीच म्हणायचं ना?

सुरुवातीचा माझा प्रश्न तुम्हालाच परत : काय नकली? भिंती आणि बराचसा दगडी भाग ११६३ नंतरच्या बांधकामाचाच आहे, तो वाचला. १५ एप्रिल २०१९ ला गेलं ते छपराचं ओकचं लाकूडकाम, ज्याला तिथे रान म्हणायचे, दगडी छताचे काही भाग, आणि मधला निमुळता मनोरा. टीव्हीवर तो मोडून पडताना बघून लोक रडले, आठशे वर्षांचा मनोरा गेला म्हणून, पण तो होता १८५९ चा! मूळ मनोरा अठराव्या शतकातच उतरवला होता. व्हियोले-ल-द्यूक नावाच्या वास्तुविशारदानं दुरुस्ती करताना आपल्या कल्पनेनं नवा चढवला, वरच्या कट्ट्यावर हनुवटी टेकून बसलेली ती प्रसिद्ध राक्षसंही त्याच्याच काळातली. आता डिसेंबर २०२४ मध्ये जे उघडलं त्यात ओक पुन्हा ओकच, काही ठिकाणी कुऱ्हाडीनं हातानं तासलेला, आणि मनोरा व्हियोले-ल-द्यूकच्या ड्रॉइंगवरून जसाच्या तसा.

या मनोऱ्याच्या पायथ्याशी तांब्याचे सोळा पुतळे होते. आगीच्या फक्त चार दिवस आधी दुरुस्तीसाठी क्रेननं खाली काढलेले, म्हणून वाचले. त्यात येशूचे बाकीचे शिष्य शहराकडे बघतात, एकटा सेंट थॉमस पाठ फिरवून, डोळ्यांवर हात धरून मनोऱ्याकडे मान वर करून बघतोय, आणि त्याला चेहरा आहे तो व्हियोले-ल-द्यूकचा स्वतःचा.